साताऱ्याभोवती माउंटन बाइकसाठी जंगलातल्या आणि गावशिवारातल्या वाटा कोणत्या?

मुठाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे पुण्याहून साताऱ्याला तीन दिवसांच्या मुक्कामाने येणार आहोत. सोबत चौघांच्याही माउंटन बाइक असतील. सगळ्या हार्डटेल प्रकारातल्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या आहेत. आमच्यापैकी दोघांना टेकड्यांवरच्या खडकाळ वाटांचा बऱ्यापैकी सराव आहे, तिसऱ्याला घाट चढण्याचा दम आहे पण उतारावर हात आखडता घेण्याची सवय आहे, आणि चौथी माझी चौदा वर्षांची मुलगी आहे, जिच्यासाठी निदान एक दिवस वाहनांच्या वर्दळीपासून दूर आणि फार चढ नसलेला असावा अशी इच्छा आहे.

डांबरी रस्त्यावरून यवतेश्वर आणि कास यापूर्वी झालेले आहे, म्हणून या वेळी डांबर शक्य तितके टाळायचे आहे. नकाशावर पाहताना कासच्या पठारावर, ठोसेघरच्या वरच्या अंगाला आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावर असंख्य पायवाटा दिसतात. त्यांतल्या कोणत्या सायकलने जाण्याजोग्या आहेत, कोणत्या ठिकाणी वनविभागाची परवानगी लागते आणि कोणत्या ठिकाणी परवानगीचा प्रश्न नसला तरी जाऊ नये, हे स्थानिकांकडून समजून घ्यायचे आहे. किल्ला, जुनी विहीर, नदीकाठची देवळे असे काही वाटेत येत असेल तर दुधात साखर, परंतु सहलीचा मुख्य हेतू सायकल चालवणे हाच आहे.

यवतेश्वर पायथा

आपण प्रश्न विचारून मग येत आहात याचा आनंद वाटला, कारण नकाशावर रेघ दिसली की ती आपल्यासाठीच आखलेली आहे असे समजून येणारेच अधिक असतात.

साताऱ्याभोवतीची वाट निवडताना ती किती सुंदर दिसते यापेक्षा तिच्याखाली कोणती जमीन आहे हे आधी पाहावे. येथे ढोबळमानाने तीन प्रकारची जमीन भेटते. वर जांभ्या खडकाचा सडा म्हणजे सपाट कातळी पठार, त्याच्या कडेने उतरणारे जंगल, आणि खाली कृष्णा, वेण्णा, उरमोडीच्या खोऱ्यांतली शेतजमीन. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आणि कास साधारण १२०० मीटरवर असल्याने या तिन्ही थरांमधून एका सकाळीच जाता येते. नेमक्या याच कारणामुळे माणसाला सगळीकडे सायकल घालण्याचा मोह होतो.

सड्याविषयी प्रथम आणि स्पष्टच सांगतो. कासचा सडा सायकलसाठी नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत आणि कास त्यांपैकी एक आहे. परंतु हा दर्जा नसता तरीही माझे उत्तर हेच राहिले असते. सड्यावर जांभ्याच्या कातळावर मातीचा थर काही बोटांचाच असतो, आणि पावसाळ्यात त्यावर पाणी साचून सीतेची आसवे, दवबिंदू, वायतुरा अशा वनस्पती वाढतात. नोव्हेंबरअखेर तेथे काहीच नाही असे वाटते, कारण फुले संपलेली आणि गवत पिवळे पडलेले असते. प्रत्यक्षात पुढच्या हंगामाचे बी आणि कंद त्याच पातळ थरात पडून असतात. मागचे चाक एकदा घासत गेले की मातीत सलग चर पडतो, पुढच्या जूनमध्ये पाणी त्याच चरातून धावते आणि आजूबाजूची माती घेऊन खाली जाते. कुमुदिनी तलावाकडे जाणारा जुना राजमार्ग रुंद असला आणि चाकांना बोलावणारा वाटला, तरी तो पायीच पाहावा.

आता जेथे जावे ते सांगतो. आपल्या सरावाच्या दोघांसाठी माझी पहिली पसंती दक्षिणेकडच्या अंगाला आहे. समर्थ मंदिराकडून बोगद्यातून बाहेर पडले की शहर अक्षरशः पाठीमागे पडते. बोगद्याच्या अलीकडे रिक्षा आणि पलीकडे भातखाचरे असा प्रकार आहे. सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत डांबर टळत नाही, पण सकाळी लवकर निघाल्यास वाहने तुरळक असतात. गडाखालच्या परळी गावातली जुनी शिवमंदिरे आणि उरमोडी धरणाचा जलाशय पाहून, जलाशयाच्या बाजूच्या वाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते धरावेत. हे गावकऱ्यांच्या नित्य वापराचे रस्ते आहेत, मुरमाचे आहेत, आणि मध्येमध्ये ओढ्यावर फरशी पूल किंवा नुसतीच दगडगोट्यांची उतरण लागते. हार्डटेलला शोभेल एवढाच खडबडीतपणा त्यांत आहे.

तेथून ठोसेघरचा घाट चढून गेल्यावर धबधबा नोव्हेंबरअखेर रोडावलेला दिसेल, त्यासाठी फार वेळ काढू नये. धबधब्यापुढे थोड्याच अंतरावर चाळकेवाडीचे पठार सुरू होते. तेथे पवनचक्क्यांना जोडणारे मुरूम-खडीचे रस्ते एका धारेवरून दुसऱ्या धारेवर गेलेले आहेत, आणि डांबर न लागता लांबपर्यंत सायकल चालवण्याचा आनंद साताऱ्याच्या परिसरात येथे सर्वाधिक मिळतो. मात्र हाही सडाच आहे, म्हणून चाक रस्त्यावरच ठेवावे. रस्ते कंपन्यांच्या देखभालीचे असल्याने फाटकावर रखवालदार असेल तर त्याला विचारून आत जावे, नाही म्हटल्यास वाद घालू नये. पश्चिमेची कड कोयना अभयारण्याच्या दिशेने उतरते, तिकडच्या पायवाटांवर सायकल घालू नये.

अजिंक्यताऱ्यावर डांबरी रस्त्याने अवश्य जावे. १७०० मध्ये औरंगजेबाच्या वेढ्यानंतर हा किल्ला मोगलांकडे गेला, पुढे ताराबाईंच्या काळात तो परत मिळाला, आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांनी साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतला. वरून पाहिल्यास एका बाजूला यवतेश्वर, दुसऱ्या बाजूला सज्जनगड आणि पूर्वेला जरंडेश्वर अशी सगळी मांडणी नजरेत येते आणि पुढच्या दोन दिवसांचे मार्ग डोक्यात पक्के बसतात. परंतु शहराच्या बाजूला उतरणाऱ्या पायवाटांवर सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठ नागरिकांची आणि लहान मुलांची सतत ये-जा असते. वळणापलीकडून चालत येणाऱ्या आजोबांना सायकलचा आवाज येईपर्यंत ती अंगावर आलेली असते. त्यामुळे उतरणेही रस्त्यानेच.

कृष्णातीर

वरच्या प्रतिसादात डोंगराची बाजू चांगली आलेली आहे, म्हणून मी आमच्या नदीकाठच्या बाजूविषयी लिहितो. आपल्या मुलीचा दिवस येथे उत्तम जाईल.

साताऱ्याचे रेल्वे स्टेशन शहरात नाही, ते माहुलीच्या बाजूला आहे, हे येथे सोयीचेच ठरते. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. दगडी घाट, विश्वेश्वराचे मंदिर आणि राजघराण्यातील समाध्या पाहून (शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारकही येथेच आहे, ते मुलांना हमखास आवडते) नदीच्या वरच्या अंगाने वडूथ आणि पुढे लिंब आणि गोवे या गावांकडे जावे. सलग एकच रस्ता शोधू नये. या गावांच्या दरम्यान शिवाररस्ते, पाणंदी आणि धोमच्या कालव्यांलगतचे सेवारस्ते आहेत, त्यांचे तुकडे जोडत जावे लागते आणि खरी मौजही त्यातच आहे. पाणंद म्हणजे दोन शेतांच्या बांधांमधली बैलगाडीपुरती वाट, तिच्या दोन्ही बाजूंना उंच ऊस असला की भर दुपारीही आत गारवा असतो. कालव्याचा सेवारस्ता सपाट असतो, पण त्याला कठडा नसतो. तेथे मुलीला पाण्याच्या विरुद्ध बाजूने चालवावी आणि फोटो काढण्यासाठी कालव्याच्या अस्तरावर उतरू देऊ नये, कारण ते शेवाळलेले असते आणि एकदा घसरल्यावर धरायला काही मिळत नाही.

लिंबला बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या पत्नी वीरूबाई यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतली असे सांगितले जाते. अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली दुसरी लहान विहीर आणि दोन्हींच्या मध्ये बांधलेला छोटेखानी महाल अशी ती रचना आहे. मोटांच्या जागा वरून मोजता येतात. सायकली बाहेर झाडाखाली लावाव्यात, पायऱ्यांवरून खाली नेऊ नयेत. हे सांगण्याची गरज पडावी याचे वाईट वाटते, पण पडते. विहीर पाहून झाल्यावर नदीपात्रातले कोटेश्वराचे देऊळ जवळच आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. आपण येणार त्या सुमारास गाळप हंगाम सुरू झालेला असेल. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, चालकाला मागचे दिसत नाही, आणि वर मोठ्याने गाणी लावलेली असल्याने घंटी ऐकू येत नाही. ट्रॉलीच्या बाजूने पुढे काढण्याऐवजी थांबून तिला जाऊ द्यावे. शेताच्या तोंडाशी काट्याची झापड किंवा बांबूची ताटी लावलेली असेल तर ती जशी होती तशी परत लावावी. आपल्यामागे जनावरे कोणाच्या हरभऱ्यात शिरली तर पुढच्या सायकलस्वाराला त्या वाटेने कोणी जाऊ देणार नाही.

नोव्हेंबरात कधी कधी अवकाळी पाऊस होतो. तसे झाल्यास नदीकाठचा बेत एक-दोन दिवस पुढे ढकलून आधी डोंगर करावा. डोंगरावरच्या मुरमातून पाणी लवकर निथळते, पण आमच्याकडची काळी माती चाकाला धरते. ती टायरवर थरावर थर चढत जाऊन शेवटी पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीत अशी गच्च बसते की चाक फिरायचे थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बाभळीची काडी घेऊन उकरत बसण्यावाचून मग दुसरा इलाज नसतो.

सडेफटिंग

सड्याविषयीचे मत मला थोडे टोकाचे वाटते. पठारावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आली आहेत, गवे फिरतात, गवळी-धनगरांचे येणे-जाणे आहे. कासच्या कुंपणाविषयी आणि चराईविषयी साताऱ्यात किती वाद झाला हे सर्वांना ठाऊक आहे. चराई पूर्ण थांबली की उंच गवत माजते आणि फुलांना जागा उरत नाही, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. शेकडो खुरांनी जे बिघडत नाही ते चार सायकलींनी बिघडेल, हे पटत नाही. मुख्य कास सोडा, पण आजूबाजूच्या इतर सड्यांवर कोरड्या दिवसांत मळलेल्या पायवाटेने जायला काय हरकत आहे?

यवतेश्वर पायथा

चराईविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे आणि त्या वादात मी कुंपणाच्या बाजूने नव्हतो. परंतु खूर आणि चाक यांचा मातीवरचा परिणाम एकसारखा नसतो. खुराने सुटे खळगे पडतात, पावसाळ्यात त्यांत पाणी थांबते आणि मुरते. चाकाने उताराच्या दिशेने अखंड रेघ पडते, आणि त्या रेघेचा वर्षभरात ओहोळ होतो. शिवाय गुरे दर वेळी वेगवेगळ्या जागी पसरतात, आम्ही सायकलवाले मात्र एकाच रेघेवरून एकामागोमाग जातो आणि ती रेघ फोनमध्ये नोंदवून इतरांना देतो. चार सायकलींचा प्रश्न नसतोच, त्या चौघांनी टाकलेला मार्ग पाहून पुढच्या हिवाळ्यात कितीजण येतील हा असतो.

इतर सड्यांविषयी म्हणाल तर, जेथे बैलगाडीचा किंवा जीपचा रस्ता कातळ उघडा पाडून आधीच गेलेला आहे तेथे जाण्यास माझीही हरकत नाही. गवतातल्या एकपदरी पायवाटेवर मात्र जाऊ नये. दुसरे असे की यांतले बरेच सडे मालकीचे आहेत, त्यामुळे वनविभागाचा फलक नाही याचा अर्थ जागा मोकळी आहे असा होत नाही.

सडेफटिंग

रेघेचा मुद्दा पटला. उघड्या कातळाचे रस्ते मलाही पुरेसे आहेत.

चेनवंगण

सायकलींच्या तयारीविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहितो.

या भागात पंक्चर खडकाने कमी आणि काट्याने अधिक होते. बाभूळ आणि बोर यांचे काटे शिवाररस्त्यावर सर्वत्र असतात, कारण कुंपणासाठी आणलेल्या फांद्या ओढत नेतानाच ते गळतात. ट्यूबलेस टायर असतील तर निघण्यापूर्वी सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, ओतून घ्यावे. ते उन्हाळ्यात आणि नंतर काही महिन्यांत आत वाळून जाते, आणि हलवून पाहिल्यास डबडब आवाज आला नाही तर संपले असे समजावे. ट्यूब वापरत असल्यास प्रत्येकी दोन जादा ट्यूब ठेवाव्यात, आणि पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून तुटलेला काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. हवेचा दाब शहरात ठेवता त्यापेक्षा कमी ठेवावा. मध्यम वजनाच्या स्वाराला सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये २२ ते २६ पीएसआय पुरतो, ट्यूब असल्यास चार-पाच पीएसआय अधिक.

आपले तिसरे मित्र उतारावर ब्रेक दाबून ठेवत असतील तर ठोसेघर आणि यवतेश्वर या दोन्ही घाटांत त्यांच्या ब्रेकची डिस्क तापून पकड कमी होऊ शकते. वळणाच्या आधी सरळ भागात जोरात दाबून वेग उतरवावा आणि वळणात ब्रेक सोडावा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला सवड मिळते. पॅडची जाडी साताऱ्यात पोहोचल्यावर पाहण्यापेक्षा पुण्यातच पाहून घ्यावी.

आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. नोव्हेंबरअखेर डोंगरावरचे गवत वाळून कुसळे सुटलेली असतात. ती जाळीदार मोज्यांत घुसली की बाहेर येत नाहीत आणि दर पेडलगणिक घोटा टोचत राहतो. जाड, घट्ट विणीचे मोजे किंवा घोट्यावर कापडी पट्टी असल्यास हा ताप वाचतो.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बेत आता असा दिसतो की पहिल्या दिवशी स्टेशनवरून थेट माहुली आणि लिंब, दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंक्यतारा आणि दुपारनंतर विश्रांती, तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे सज्जनगड, ठोसेघर आणि चाळकेवाडी. मुलगी आणि तिची आत्या त्या दिवशी गाडीने सज्जनगडावर जातील. दोन शंका उरतात. जंगलातून जाणारी, परवानगीने का होईना पण सायकलला खुली अशी एखादी वाट खरोखरच नाही का? आणि अस्वलांविषयी जे ऐकू येते त्यात तथ्य किती?

यवतेश्वर पायथा

अस्वले आहेत. कास, बामणोली आणि ठोसेघर या सगळ्या पट्ट्यात त्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. अस्वलाला दूरचे नीट दिसत नाही आणि वाळवीचे वारूळ उकरण्यात ते दंग असले की चाहूलही लागत नाही. सायकल आवाज न करता वेगाने जवळ जाते, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. त्यामुळे झाडीतल्या वळणांवर घंटी वाजवावी, आपसांत मोठ्याने बोलावे, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर रानात असू नये. गवा वाटेत उभा असेल तर दूरच थांबावे, तो जाईपर्यंत वाट पाहावी, बाजूने काढण्याचे धाडस करू नये. कड्याच्या किंवा मोठ्या झाडाच्या खाली आग्या मोहोळ दिसल्यास तेथे थांबून न्याहारी करू नये.

जंगलातल्या वाटेविषयी बोलायचे तर राखीव वनात विनापरवाना शिरणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा ठरते, आणि अभयारण्यात जाण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार परवाना लागतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याला बामणोलीहून परवाना घेऊन लाँचने लोक जातात, परंतु तो पायी जाण्याचा परवाना आहे, सायकलचा त्याच्याशी संबंध नाही. उन्हाळ्यापूर्वी वणवा रोखण्यासाठी वनविभाग ज्या जाळरेषा काढतो त्या नकाशावर छान मोकळ्या वाटांसारख्या दिसतात, त्यांवरही परवानगीशिवाय जाऊ नये.

तरीही झाडीतून जाण्याचे समाधान हवे असेल तर कासच्या तलावापुढचा बामणोलीकडे उतरणारा रस्ता पाहावा. डांबरी असला तरी तो दाट रानातून शिवसागर जलाशयाच्या काठापर्यंत उतरतो, फुलांचा हंगाम संपल्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी जवळजवळ रिकामा असतो, आणि त्याला फुटणारे वाड्यांचे कच्चे रस्ते गावकऱ्यांना विचारून घेता येतात. जितके उतराल तितके परत चढायचे आहे हे लक्षात ठेवून पाणी आणि खाणे कासलाच भरून घ्यावे. हा मार्ग दुसऱ्या दिवशीच्या विश्रांतीच्या जागी बसेल, अजिंक्यतारा पहिल्या संध्याकाळीही होतो.

याखेरीज एखादी विशिष्ट वनवाट मनात असेल तर तिचा नकाशा छापून साताऱ्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज करावा. चौघांची नावे, तारीख, प्रवेशाचे आणि बाहेर पडण्याचे ठिकाण लिहिलेला अर्ज अधिकारी वाचतात. उत्तर होकारार्थीच येईल असे नाही, पण वाट कोणत्या हद्दीत पडते हे निश्चित कळते आणि तिथल्या वनरक्षकाचा क्रमांक मिळू शकतो. शनिवार-रविवारी कार्यालय बंद असते, म्हणून आपण शुक्रवारी पोहोचणार असाल तर अर्ज आधीच पाठवून ठेवावा.

कृष्णातीर

सायकली रेल्वेने आणणार असाल तर एक गोष्ट राहिली. त्या डब्यात सोबत घेता येणार नाहीत, लगेज म्हणून नोंदवाव्या लागतात आणि त्यासाठी गाडीच्या वेळेच्या बरेच आधी पुणे स्टेशनच्या पार्सल कार्यालयात जावे लागते. पेडल काढून, हँडल आडवे वळवून आणि डिरेलरला, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, पुठ्ठा बांधून द्यावे. साताऱ्याला गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून एकाने उतरताच धावत लगेजच्या डब्यापाशी जाऊन उभे राहावे.